अकरा जानेवारी, अकरा वाजून अकरा मिनिटं

जपानमध्ये जानेवारी महिन्यात एक बातमी ठरलेली असायची आणि मला ती जाम आवडायची. 11 जानेवारीला सकाळी बरोबर 11 वाजून 11 मिनिटांनी योकोहामा एफसी हा क्लब जाहीर करायचा की काझुयोशी मिउरा, जर्सी नंबर 11, याच्याशी या मोसमाचा करार झालेला आहे. बस, एवढंच. तरी ते संध्याकाळच्या टीव्हीवर यायचं, ऑफिसात लंचला त्यावर बोलणं व्हायचं, फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी मंडळीसुद्धा "यंदाही खेळणार म्हणे काझू-सान" असं एकमेकांना सांगायची आणि सांगताना खूश दिसायची. काझूने तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. पेठेत जन्म झाला की पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार या फुटबॉल टीमांतली आपली बाजू कुठली हे आपल्याला कळायच्या आधीच घरच्यांनी ठरवलेलं असतं, आणि शाहू स्टेडियमवर सीझनमध्ये जी गर्दी होते ती बघत मोठं झालेल्या माणसाला फुटबॉलचं वेड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे नोकरीसाठी योकोहामाला आल्यावर पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा नवल खेळाच्या वेडाचं वाटलं नाही. नवल याचं वाटलं की जो माणूस वर्ल्ड कपमध्ये एक मिनिटही खेळलेला नाही, ज्याचा शेवटचा मोठा मोसम होऊन वीस वर्षं उलटली, त्याच्यावर एवढा मोठा देश इतका जीव का लावतो. मग हळूहळू वाचत गेलो, जपानी मित्रांना विचारत गेलो, जुन्या मॅच बघत बसलो आणि मला जे सापडलं ते इथे लिहितोय.

सुरुवात 1982 पासून करायला लागते. शिझुओका हे जपानमधलं फुटबॉलचं गाव, तिथला हा पोरगा, काकांच्या जोनाई एफसी क्लबात खेळलेला, हायस्कूलचं पहिलं वर्षही पूर्ण न करता पंधराव्या वर्षी एकटा ब्राझीलला गेला, प्रोफेशनल फुटबॉलर व्हायला. आता हे कोणत्या जपानमधून, ते लक्षात घ्या. तेव्हा तिथे प्रोफेशनल लीगच नव्हती, कंपन्यांच्या टीम होत्या, कामगार आणि क्लार्क लोक ऑफिस करून खेळायचे. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधलं ब्राँझ सोडलं तर जगाला सांगावं असं काही नव्हतं आणि वर्ल्ड कपला तर जपान कधीच पोचलेला नव्हता. आणि ब्राझीलमध्ये तेव्हा मैदानात कोणी पाय अडखळून पडला, सोपा पास चुकवला, तर त्याला 'जपानी' म्हणून चिडवायचे. अशा ठिकाणी खराखुरा जपानी पोरगा जाऊन उभा राहतो, भाषा येत नाही, साओ पावलोत जुव्हेंतुस क्लबच्या ज्युनियर टीममधल्या पोरांसोबत हॉस्टेलला राहतो.

एकदा तो सगळं सोडून परत यायच्या विचारात होता. तो स्वतः सांगतो ती गोष्ट अशी, की रिओमधल्या एका बागेत तो बसला होता आणि समोर पोरं खेळत होती, कोणी अनवाणी, आणि त्यातल्या एकाला एकच पाय होता, आणि तरी तो जीव तोडून बॉलमागे पळत होता. माझ्याकडे दोन पाय आहेत, बूट आहेत, मग माझं रडगाणं कशाचं, असं त्याच्या मनात आलं आणि तो थांबला.

1986 ला सान्तोसने त्याला घेतलं. सान्तोस म्हणजे पेलेचा क्लब! पण तिथे फारसं जमलं नाही, मग छोट्या छोट्या क्लबांत वणवण, आणि 1988 च्या मार्चमध्ये किंझे दे झाऊ नावाच्या एका गावच्या टीमकडून कोरिंथियन्ससारख्या बलाढ्य क्लबविरुद्ध गोल मारला आणि ती मॅच त्यांनी 3-2 अशी जिंकली. साओ पावलो राज्याच्या चॅम्पियनशिपमध्ये गोल मारणारा तो पहिला जपानी. पुढे कोरितिबा, परत सान्तोस, आणि 1990 ला तो जपानला परतला तेव्हा वय होतं 23. माझ्या मते काझू काय चीज आहे ते या आठ वर्षांतच दिसतं, नंतरचं ग्लॅमर वगैरे सगळं वरचं. जिथे तुला कोणी विचारत नाही तिथे जाऊन उभं राहायचं, आणि विचारेपर्यंत उभं राहायचं, हे त्याने पंधराव्या वर्षी शिकून घेतलं आणि साठीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत तेच करत राहिला.

ग्लॅमरही होतंच म्हणा. 15 मे 1993 ला जे-लीग, म्हणजे जपानची पहिली प्रोफेशनल लीग, सुरू झाली, टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर पहिली मॅच, व्हर्डी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस, 59,626 लोक, आणि काझू व्हर्डीचा हिरो. मॅच मारिनोसने 2-1 जिंकली पण वर्षअखेर व्हर्डी चॅम्पियन, काझू लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि तो पुरस्कार घ्यायला तो लालभडक सूट घालून आला. ते फुटेज जपानी टीव्ही अजून दाखवतो. गोल मारल्यावरचा त्याचा डान्स शाळेच्या मैदानांवर पोरं करायची. त्याच्या आदल्या वर्षी, 1992 ला, हिरोशिमात जपानने पहिल्यांदा आशिया कप जिंकला होता तेव्हाही स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हाच. म्हणजे ज्या देशात कालपर्यंत फुटबॉल हा कंपनीच्या वेळेनंतरचा खेळ होता, तिथे फुटबॉलरही स्टार असू शकतो हे लोकांनी पहिल्यांदा बघितलं ते या माणसात.

आणि मग दोहा. 28 ऑक्टोबर 1993. 1994 च्या अमेरिकेतल्या वर्ल्ड कपसाठी आशियातून दोनच जागा, शेवटच्या फेरीत सहा देश, जपान टेबलात पहिला, कारण तीन दिवस आधी दक्षिण कोरियाला 1-0 हरवलेलं, गोल अर्थात काझूचा. इराकविरुद्ध फक्त जिंकायचं होतं. पाचव्याच मिनिटाला काझूने हेडर मारून 1-0 केलं, इराकने बरोबरी केली, नाकायामाने 2-1 केलं, नव्वद मिनिटं होत आली. इराकला कॉर्नर मिळाला, त्यांनी तो थेट गोलसमोर न मारता शॉर्ट घेतला, आणि तिकडे धावत जाऊन क्रॉस अडवायला पाय घातला तो काझूने. पाय पोचला नाही. क्रॉस आला, हेडर, 2-2. कोरिया गोल फरकावर वर्ल्ड कपला आणि जपान घरी. रात्री उशिरा टीव्ही टोकियोवर ती मॅच लागली होती, 48.1 टक्के रेटिंग, त्या चॅनलचा आजवरचा रेकॉर्ड. खेळाडू मैदानावर कोसळून बसलेले, ती दृश्यं मी कितीतरी वर्षांनी बघितली आणि तरी घशाशी आलं. पहिला गोल ज्याचा, शेवटचा क्रॉस अडवताना वीतभर कमी पडलेला पायही त्याचाच. (त्या टीममध्ये मिडफील्डला हाजिमे मोरियासु होता, आणि 2022 ला त्याच दोहामध्ये जपानचा कोच म्हणून त्याने जर्मनी आणि स्पेन दोघांना हरवलं. त्या रात्री योकोहामात माझ्या बिल्डिंगमधून ओरडण्याचे आवाज येत होते आणि त्यातला सगळ्यात मोठा माझा होता.)

इटलीचं थोडक्यात सांगतो. 1994-95 ला तो जेनोआला गेला, सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, खेळणारा पहिला जपानी. पहिल्याच मॅचला मिलानच्या बारेसीशी टक्कर होऊन नाक मोडलं. 21 मॅचमध्ये एक गोल, तो मात्र त्याच शहरातल्या सांपदोरियाविरुद्धच्या डर्बीत. शर्ट विकायला आणि जपानी स्पॉन्सरसाठी घेतलाय असं तिथले लोक उघड म्हणायचे. पण त्याच्यानंतर चार वर्षांत नाकाता इटलीत गेला आणि मग रांगच लागली, ते दार आधी कोणीतरी नाक मोडून घेऊन उघडायला लागतंच.

आता 1997-98, जे मला सगळ्यात जास्त त्रास देतं. फ्रान्सच्या वर्ल्ड कपची क्वालिफायर्स सुरू झाली, पहिल्या मॅचमध्ये उझबेकिस्तानला 6-3, त्यात काझूचे एकट्याचे चार गोल. आणि त्यानंतर गोल आटले. टीमही अडखळली, अलमाटीत कोचला काढून असिस्टंट ओकादांना कोच केलं. 26 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर यूएईशी 1-1 बरोबरी झाली आणि चिडलेल्या लोकांनी बाहेर अंडी फेकली, खुर्च्या फेकल्या, आणि राग कुणावर तर काझूवर, ज्याच्या डान्सवर चार वर्षांपूर्वी हाच देश फिदा होता. मग 16 नोव्हेंबरला मलेशियात जोहोर बाहरूला इराणविरुद्ध प्लेऑफ. दुसऱ्या हाफमध्ये ओकादांनी नाकायामा आणि काझू, दोन्ही फॉरवर्ड एकदम बदलले. बोर्डवर 11 नंबर दिसल्यावर काझूने स्वतःकडे बोट करून विचारलं, मी? मला काढताय? ती क्लिप बघा एकदा. राग नाही त्यात, अक्षरशः विश्वास बसत नाहीये त्याचा. जपान एक्स्ट्रा टाइममध्ये ओकानोच्या गोलवर 3-2 जिंकला, इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड कपला पोचला, आणि ज्याने हे स्वप्न या देशाला दाखवलं तो तेव्हा साइडलाइनला होता.

2 जून 1998, स्वित्झर्लंडमध्ये निओंला कॅम्प चालू होता, स्पर्धा तोंडावर आलेली. 25 मधून 22 करायचे होते. ओकादांनी पत्रकारांसमोर तीन नावं वाचली, इचिकावा, काझू, किताझावा. काझू 31 वर्षांचा. 11 नंबरची जर्सी गेली शिंजी ओनो या अठरा वर्षांच्या पोराकडे. लोकांनी वाद घातला, अजून घालतात. ओनो अफाट गुणी होता, काझूचा फॉर्म गेला होता, ओकादांचं काम भावना सांभाळायचं नव्हतं, हे सगळं मला पटतं. तरीही मला तो निर्णय चुकलेला वाटतो आणि त्याचं कारण भावनिक नाहीये. जपान तिथे तिन्ही मॅच हरला, तिन्ही मिळून एकच गोल झाला, तोही नाकायामाचा. पहिल्या वर्ल्ड कपला गेलेल्या नवख्या टीमला, शेवटची वीस मिनिटं उरलेली असताना, घाबरायचं नसतं हे शिकवणारा एक माणूस बेंचवर असायला हवा होता.

काझू परत आला तो केस चंदेरी करून. पत्रकारांच्या गर्दीसमोर शांत बसला आणि म्हणाला की जपानच्या टीमचा माझा अभिमान, माझा आत्मा, मी तिकडेच ठेवून आलोय. ओकादांबद्दल वाकडा शब्द नाही. जपानसाठी 89 मॅच, 55 गोल, आणि वर्ल्ड कप शून्य मिनिटं.

कुठल्याही देशात, आपल्याकडे तर नक्कीच, गोष्ट इथे संपते. माणूस अजून एखादं वर्ष खेळतो, निरोपाची मॅच होते, हार-तुरे, मग टीव्हीवर कॉमेंट्री. पण त्याच वर्षाअखेरीस व्हर्डीने त्याला पुढच्या कराराचे शून्य येन सांगितले, म्हणजे आम्हाला तू नकोस. तो क्रोएशियात झाग्रेबला गेला, एकही लीग गोल झाला नाही. परत येऊन क्योटो, तिथेही 2000 च्या शेवटी शून्य येन. मग कोबे. मग 2005 ला योकोहामा एफसी, तेही दुसऱ्या डिव्हिजनला. दोनदा शून्य येन ऐकलेल्या माणसाने चाळिशीच्या तोंडावर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाऊन सरावाला सगळ्यात आधी हजर राहायचं, सुट्टीच्या जानेवारीत ग्वामला जाऊन स्वतःच्या खर्चाने स्वतःची तयारी करायची, हे मला फार मोठं वाटतं.

2006 ला त्यांची टीम वर गेली आणि 2007 ला धडाधड हरत परत खाली. पण त्या मोसमाचा शेवटचा दिवस! उरावा रेड्सला जिंकले की लीग मिळणार होती, समोर योकोहामा एफसी, तळाला, आधीच रेलिगेट झालेली. चाळीस वर्षांच्या काझूने उजवीकडून क्रॉस टाकला, नेमोतोने गोल केला, 1-0, आणि उरावाचं विजेतेपद गेलं काशिमाकडे. ही मॅच माहीत नसेल तर शोधून बघाच.

आता तो प्रश्न येतो जो माझे बाबा फोनवर दर वेळी विचारतात, "अजून खेळतंय व्हय ते?" त्यामागचा खरा प्रश्न असा की थांबावं कधी. आपण मुंबई क्रिकेटच्या संस्कारात वाढलेले लोक, विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य आपल्या घराघरात पाठ आहे, की लोक 'का जातोस' विचारतात तेव्हाच जावं, 'का जात नाहीस' विचारेपर्यंत थांबू नये. जपानमध्येही हाच विचार मानणारे आहेत. 2015 ला काझूने 48 व्या वर्षी इवाताविरुद्ध गोल मारला आणि बेसबॉलमधले दिग्गज इसाओ हारिमोतो टीव्हीवर म्हणाले, बस झालं, आता सोड. मोठा गदारोळ झाला. काझूने काय केलं, तर अशा मोठ्या माणसाने दखल घेतली हा मान समजतो, अजून चांगलं खेळून दाखव असंच ते सांगतायत असं मी घेतो, असं उत्तर दिलं. यात टोमणा कुठेच नव्हता, म्हणूनच सगळं शांत झालं.

मर्चंटांच्या वाक्याबद्दल आदर ठेवून सांगतो, मला ते आता पूर्ण पटत नाही. ते वाक्य खेळाडूच्या प्रतिष्ठेचा विचार करतं, खेळण्याच्या इच्छेचा करत नाही. आपल्याकडेही वेगळी उदाहरणं आहेत की. प्रवीण तांबे 41 व्या वर्षी पहिल्यांदा आयपीएल खेळला, आयुष्यभर मुंबईच्या मैदानांवर घासून. वसीम जाफर चाळिशीत विदर्भासाठी रणजी जिंकला, एकदा नाही, लागोपाठ दोनदा. त्यांना कोणी म्हटलं का, प्रतिष्ठा सांभाळ म्हणून?

पण काझूच्या बाबतीत एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. शेवटच्या वर्षांत योकोहामा एफसीकडून तो जवळजवळ खेळलाच नाही. 2020 ला कावासाकी फ्रोंताले विरुद्ध 53 व्या वर्षी कॅप्टन म्हणून उतरला, जे-लीगच्या पहिल्या डिव्हिजनचा सगळ्यात वयस्कर खेळाडू झाला, आणि 2021 च्या मोसमात लीगमध्ये एकच मॅच, तीही शेवटचं मिनिटभर. एखाद्या विशीतल्या पोराची जागा अडली नाही का? क्लब नावापुरता ठेवतोय असं नाही का? त्या काळात मी मित्सुझावा स्टेडियमवर जायचो, योकोहामा स्टेशनवरून बस, टेकडीवरचं छोटं जुनं मैदान, ट्रॅक नाही त्यामुळे खेळाडू अगदी हाताशी. एका मॅचला काझू साइडलाइनला वॉर्मअप करायला उठला आणि सगळं स्टँड टाळ्या वाजवायला लागलं, समोरच्या टीमचे लोकसुद्धा. तो शेवटपर्यंत उतरला नाही. मी शेजारच्या निळी जर्सी घातलेल्या आजींना विचारलं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, तो उतरेल म्हणून आम्ही येत नाही, त्याला उतरायचं असतं म्हणून येतो. मग त्यांनी मला डब्यातली संत्र्याची फोड दिली आणि मॅचकडे वळल्या.

मला त्या आजींचं म्हणणं पटलंच, पण आक्षेपाचं खरं उत्तर काझूने स्वतः दिलं. खेळायला मिळत नाही म्हटल्यावर 2022 ला तो थोरल्या भावाच्या सुझुका क्लबात गेला, जेएफएलमध्ये, म्हणजे जपानी फुटबॉलच्या थेट चौथ्या पायरीवर. पंचावन्नाव्या वर्षी. जुन्याच क्लबच्या बेंचवर आरामात बसून रेकॉर्ड वाढवता आले असते. त्याने मिनिटं निवडली. त्या मोसमात टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर चौथ्या पायरीच्या लीगची मॅच बघायला 16 हजारांवर लोक आले आणि वर्षभरात त्याने दोन गोलही मारले. 2023 ला तर पोर्तुगालच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, ओलिवेरेन्सेला, 56 व्या वर्षी पुन्हा परदेशात, पुन्हा पोर्तुगीज बोलणाऱ्या ड्रेसिंग रूममध्ये, जशी सुरुवात पंधराव्या वर्षी केली होती तशी.

लोकप्रियतेचं म्हणाल तर 2017 चा तो गोल सगळ्यांना माहीत असतो, गुन्माविरुद्ध, वय 50 वर्षं 14 दिवस, इंग्लंडच्या स्टॅनली मॅथ्यूजचा जुना रेकॉर्ड मोडला आणि गिनेस बुकात नाव लागलं. पण जपानी माणसाला विचारा, तो 29 मार्च 2011 सांगेल. त्सुनामीला तीन आठवडेही झाले नव्हते, हजारो लोक बेपत्ता, ओसाकात मदतीसाठी मॅच, राष्ट्रीय टीम विरुद्ध जे-लीगचे निवडक. शेवटच्या दहा मिनिटांत तुलिओने डोक्याने बॉल पुढे टाकला, 44 वर्षांचा काझू बचावामागे घुसला आणि गोल. मग थोडा थांबून त्याने डान्स केला, बोट वर आकाशाकडे. माझा एक सहकारी सेंदाईचा आहे, फुटबॉल बघत नाही, तो म्हणाला त्या दिवसांत टीव्हीवर बघून हसू आलेली ती पहिली गोष्ट होती. ज्याला आपली सगळ्यात मोठी इच्छा पुरी झालेली नाही हे देशाने डोळ्यांनी बघितलंय, आणि तरी जो कडवट झाला नाही, अजूनही विचारलं तर वर्ल्ड कप खेळायचाय म्हणून सरळ सांगतो, त्याच माणसाचा डान्स त्या दिवशी लोकांना चालणार होता. दुसऱ्या कोणाचा चालला असता असं मला वाटत नाही.

2024 ला तो परत सुझुकाला आला तेव्हा मी मॅच बघायला गेलो. शिन-योकोहामाहून नागोया, पुढे लोकल. रेसिंग सर्किटमुळे गावाचं नाव मोठं, फुटबॉलचं मैदान साधंच. शेवटची काही मिनिटं तो उतरला, दोनदा बॉल लागला, एकदा चांगला पास दिला. मागे बसलेल्या एका बापाने पोराला सांगितलं की बघ, हा मी तुझ्याएवढा असताना खेळायचा. काझू तेव्हा 57 वर्षांचा होता आणि त्याच्या पाठीवर 11 नंबर होता. निओंला ज्या पोराला तो नंबर मिळाला होता तो शिंजी ओनो आदल्या डिसेंबरमध्ये, 44 व्या वर्षी, निवृत्त झाला होता.